सीअर्स की विलिस? फोटोखाली कोणतं नाव लिहू?

पाटीवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न चिमुकला आहे, पण त्यावरून घरात दोन दिवस धुसफूस चालू आहे, म्हणून इथे टाकतो.

पुढच्या महिन्यात बाबांना ८० पूर्ण होतात. समारंभ नको, हार नको, भाषणं तर मुळीच नकोत असं त्यांनी बजावून ठेवलंय. म्हणून बहीण आणि मी मिळून जुन्या फोटोंचा अल्बम करतोय. बाबा १९८१ साली सहा आठवडे शिकागोला होते, कंपनीने प्रशिक्षणाला पाठवलं होतं. त्या सहा आठवड्यांवर आमचं अख्खं लहानपण निघालं. नारळाचं झाड असो, साखर कारखान्याचं धुराडं असो, कशाकडेही मान वर करून पाहिलं की बाबांचं ठरलेलं वाक्य यायचं, "सीअर्स टॉवरपुढे हे काहीच नाही."

तिथला त्यांचा एकच धड फोटो उरलाय. रंग उडून तांबूस झालेला. बाबांनी कुणाचा तरी मागून आणलेला ओव्हरकोट घातलाय, बाह्या इतक्या लांब की फक्त बोटांची टोकं दिसतात. मागे काळ्या लोखंडाची भिंत आणि तिच्यावर तिरक्या जाडजूड तुळयांच्या मोठ्या फुल्या. शेंडा फोटोत मावलेला नाही. पाठीमागे निळ्या शाईत बाबांचं अक्षर: "सीअर्स टॉवर, शिकागो. १८ ऑक्टोबर १९८१. वर पाहून मान अवघडली."

गेल्या वर्षी कामानिमित्त मला दोन दिवस शिकागोला जायला मिळालं. म्हटलं, त्याच जागी उभं राहून फोटो काढू, अल्बममध्ये समोरासमोर लावू. पत्ता काढत गेलो तर दारावर विलिस टॉवर! आधी वाटलं चुकलो. इमारत तीच आहे म्हणाले, नाव बदललं. वर १०३ व्या मजल्यावर जाऊन काचेच्या पेटीत उभाही राहिलो (पाय लटपटले, ते बहिणीला सांगितलेलं नाही). बाबा सांगतात तसा मिशिगन तलाव मात्र अगदी पायाशी नव्हता, बराच पलीकडे होता. फुल्याही कुठे दिसल्या नाहीत. बाबा गेले तेव्हा बांधकामाची परांची असेल बहुतेक.

तर मुद्दा असा. माझ्या मुलीने अल्बममध्ये दोन्ही फोटोंखाली "विलिस टॉवर" टाइप केलंय. ती म्हणते, आज नकाशात जे आहे ते बरोबर. बहीण म्हणते, बाबांच्या फोटोखाली विलिस लिहिलंस तर मी अल्बमला हात लावणार नाही. कोणतं नाव लिहू? आणि एवढ्या जगप्रसिद्ध इमारतीचं नाव असं बदलतं तरी कसं?

कोपऱ्यातला बाक

फोटो १९८१ चा, नाव बदललं २००९ मध्ये. जुन्या फोटोखाली सीअर्स, नव्याखाली विलिस. बहिणीला आणि मुलीला एकेक पेढा द्या. पुढचा प्रश्न.

बर्फातली जाई

बाक, तुमचं नेहमीचंच, दोन ओळींत निकाल. पण ती इमारत मी रोज पाहिलेली आहे, तेव्हा माझ्या चार ओळी जास्त होणार. कंटाळा आला तर पुढे जा.

मी जानेवारी १९८० मध्ये लग्न होऊन शिकागोला आले. लग्नात ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीने माझं नवं नाव त्यात लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं आणि सासूबाईंनी तेच तांदूळ गोळा करून डब्यात भरले. तांदळातलं पुसलं गेलं, पासपोर्टवर चढलं ते मात्र चढलं. आज माझा भाऊ फोनवर एका नावाने हाक मारतो, नणंद दुसऱ्या. मी दोन्हींना "ओ" देते. त्यामुळे पाटीवाले, तुमच्या त्या टॉवरबद्दल मला जरा आतूनच कळतं.

पण माझं निदान लग्न तरी झालं होतं! टॉवरचं तेही नाही. १९८६ पासून सतरा वर्षं मी फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या एका हापिसात होते. सकाळी गाडीने युनियन स्टेशनला उतरायचं, नदीवरचा पूल ओलांडायचा आणि समोर हा काळा दादा. वॅकर ड्राइव्हच्या कोपऱ्यावर वारा असा यायचा की साडीचा हट्ट मी पहिल्याच आठवड्यात सोडला.

तेव्हा सीअर्स हे आमच्यासाठी इमारतीचं नाव नव्हतंच, दुकानाचं होतं. त्यांचा कॅटलॉग टेलिफोन डिरेक्टरीएवढा जाड. इंग्रजी बोलायची भीती वाटायची, पण पानावर बोट ठेवून फॉर्ममध्ये नंबर भरायला काय जातंय? माझं शिवणयंत्र मी तसंच मागवलं, त्यांच्याच केनमोर ब्रँडचं. अजून चालतंय, नातीच्या झग्याला मागच्या रविवारीच टीप मारली. अशी घराघरांत माल पोचवून कंपनी जगातली सगळ्यात मोठी किरकोळ विक्रेती झाली, साडेतीन लाखांच्या आसपास माणसं कामाला. शहरभर विखुरलेली हापिसं एका छताखाली आणायची म्हणून १९६९ मध्ये टॉवरचं ठरलं आणि १९७३ मध्ये शेवटची तुळई चढली. ११० मजले, ४४२ मीटर. आपण असेच वाढत जाणार आणि उरलेले मजलेही आपल्यालाच लागणार, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. आम्हाला खालून दिसायचं ना, संध्याकाळी कितीतरी मजले अंधारेच असायचे.

१९९२ पासून सीअर्सने बाडबिस्तरा उचलून हॉफमन इस्टेट्स या उपनगरात न्यायला सुरुवात केली. १९९३ मध्ये तो जाडा कॅटलॉग बंद झाला. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं होतं. १९९४ मध्ये इमारतही विकली. आता बघा, घरमालक गेला, सामान गेलं, दारावरची पाटी तेवढी राहिली. पाटीचा हक्क २००३ मध्ये संपला, तरी पुढची सहा वर्षं कुणी ती काढली नाही, कारण लावायला दुसरी नव्हती.

मग २००९ मध्ये विलिस आले. लंडनची विमा दलालीची कंपनी. त्यांनी १,४०,००० चौरस फूट जागा भाड्याने घेतली, आणि नावासाठी वेगळा पैसा मोजलाच नाही! भाडेकरू मोठा आहे, रिकामे मजले भरतोय, तर घ्या म्हणाले नाव. १६ जुलैला रीतसर बारसं झालं. शिकागो चिडलं ते याच्यावर. आमच्या जुन्या हापिसातली एक आयरिश बाई तर म्हणाली, अगं, वाण्याने पिशवी फुकट द्यावी तसं नाव दिलं.

मी अजून सीअर्सच म्हणते. माझ्या मुली विलिस म्हणतात. टॅक्सीवाल्याला दोन्ही कळतं.

ता.क. ज्या काचेच्या पेटीत तुमचे पाय लटपटले (बहिणीला मी सांगणार नाही) ती बारशाच्या दोनच आठवडे आधी उघडली. लोक खाली बघायला काचेवर कपाळ टेकवायचे, रोज कपाळांचे ठसे पुसावे लागायचे, त्यावरून ती सुचली म्हणतात.

कोपऱ्यातला बाक

जाईताई, हात जोडले. सीअर्सने २०१८ मध्ये दिवाळं काढलं, म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळासुद्धा राहिला नाही. पण विलिसचंही काही खरं नाही. २०१६ मध्ये त्यांचं टॉवर्स वॉटसन कंपनीशी लग्न लागलं आणि जोडनाव झालं विलिस टॉवर्स वॉटसन. यातलं टॉवर्स हे एका माणसाचं आडनाव आहे, इमारतीशी काडीचा संबंध नाही. आता ते फक्त डब्ल्यूटीडब्ल्यू एवढंच लावतात. म्हणजे ज्या नावासाठी शहराने डोकं फोडून घेतलं, ते नाव लावणारी कंपनी स्वतःच धड ते लावत नाही.

बर्फातली जाई

अजून एक राहिलं. हा काही पहिला सीअर्स टॉवर नव्हेच! शहराच्या पश्चिमेला होमन स्क्वेअरला कंपनीचं जुनं संकुल होतं, त्यात १९०६ च्या सुमाराचा विटांचा चौदा मजली मनोरा आहे. मूळ सीअर्स टॉवर तो. तो अजून उभा आहे, आणि त्याचंही नाव बदललं: निकोल्स टॉवर. माहेर आणि आजोळ दोन्हीकडून नाव पुसलं गेलं म्हणायचं. बरं, इकडे नव्या टॉवरच्या पायथ्याशी २०२२ मध्ये दुकानं आणि खाण्याचा मोठा भाग उघडला, त्याला नाव काय दिलं? कॅटलॉग. पुढच्या दाराने हाकलायचं आणि मागच्या दाराने "या, बसा" म्हणायचं.

तुळई

सगळं छान चाललंय, पण मला एक गोष्ट खटकतेय. पाटीवाले, फोटोत फुल्या आहेत म्हणालात. परत एकदा नीट बघाल का? त्या तुळया इमारतीच्या बाहेरच्या अंगाला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, कित्येक मजले ओलांडून जातायत का? की बारीक, नळ्यांच्या आहेत? ऑक्टोबर १९८१ मध्ये तिथे परांची असायचं कारण नाही. लोक १९७४ पासून १०३ व्या मजल्यावर तिकीट काढून जात होते.

मी पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, म्हणून विचारतो. सीअर्स टॉवरच्या अंगावर एकही फुली नाही. त्याची सगळी गंमतच वेगळी आहे. नऊ चौकोनी नळ्या, प्रत्येक ७५ फूट रुंद, तीन गुणिले तीन अशा एकमेकींना बांधलेल्या. दोन नळ्या ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या, आणि उरलेल्या दोघी वर जातात. म्हणून तो पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. एकटी नळी वाऱ्यात डोलेल, नऊ जणी कमरेला कमर लावून उभ्या राहिल्या की वाऱ्याला दाद देत नाहीत. शिवाय कमी पोलादात काम होतं.

हे डोकं फाझलुर रहमान खान यांचं. जन्म १९२९, ढाक्याकडचे. शिक्षण काही शिबपूरला, काही ढाक्यात आणि पुढे इलिनॉयला. वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम यांनी सिगारेटी मुठीत धरून, काही वर काही खाली सरकवून "हे असं उभं राहील का?" असं खानांना विचारलं, अशी आमच्या धंद्यात सांगायची गोष्ट आहे. टॉवर चढत होता तेव्हा, १९७१ मध्ये, हेच खान शिकागोत बसून बांगलादेशासाठी मदत गोळा करत होते. १९८२ मध्ये जेद्दाला गेले असताना वारले, वय अवघं ५२. टॉवरजवळच्या कोपऱ्यावर त्यांच्या नावाची पाटी आहे. त्या परिसरात एवढी एकच पाटी अशी, जी भाड्याच्या करारात कुणी मागून घेतलेली नाही.

आता मुद्द्यावर येतो. याच जोडीने, ग्रॅहम आणि खान यांनीच, त्याआधी त्याच शहरात आणखी एक काळा उंच बुरूज बांधला होता. त्याच्या अंगावर मात्र फुल्याच फुल्या आहेत, त्याची ओळखच ती. आणि तो तलावाच्या अगदी काठावर आहे.

पाटीवाला

तुळई साहेब, तुम्ही माझी झोप घालवलीत. फोटो स्कॅन करून मोठा केला. तुळया चांगल्या हातभर नाही, माणूसभर रुंद असाव्यात. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जातायत. परांची नाही.

तुळई

मग तो जॉन हॅनकॉक सेंटर. १९६९ चा, १०० मजले, ३४४ मीटर, वर जाताना निमुळता होत जाणारा. सीअर्सपासून दोन-अडीच किलोमीटर उत्तरेला, मिशिगन ॲव्हेन्यूवर. बाबांना विचारा, त्या इमारतीत लोक राहत होते का? हॅनकॉकमध्ये वरच्या निम्म्या भागात घरं आहेत. ४४ व्या मजल्यावर पोहण्याचा तलाव आणि वाणसामानाचं दुकान. सीअर्समध्ये फक्त हापिसं.

कोपऱ्यातला बाक

म्हणजे आपण दोन दिवस ज्या नावावर भांडतोय, ते त्या फोटोचं नव्हतंच? माझे पेढे परत द्या.

बर्फातली जाई

अगंबाई! पण थांबा, हॅनकॉकचंही नाव गेलंय की. जॉन हॅनकॉक हीही विमा कंपनीच. २०१८ मध्ये त्यांनी आपणहून सांगितलं, आमचं नाव काढा. तेव्हापासून इमारतीला नावच नाही, नुसता पत्ता: ८७५ नॉर्थ मिशिगन ॲव्हेन्यू. सीअर्सचं निदान दुसरं लग्न तरी लावलं. हिला नुसतीच ठेवली.

आणि बाबांची चूक धरू नका हं. त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी सीअर्सच होता. मे महिन्यात एक पठ्ठ्या स्पायडरमॅनचा वेश करून बाहेरच्या भिंतीवरून पार वरपर्यंत चढला होता. आम्ही टीव्हीवर पाहिलं, यांनी चहा ओतायचा सोडून पाहिलं. त्यानेच पुढे नोव्हेंबरात हॅनकॉकही चढला. बाहेरून आलेल्या कुणालाही "ती उंच काळी कोणती?" विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं.

पाटीवाला

आज दुपारी बाबांशी बोललो. भीतभीतच. त्यांची चहाची वेळ होती. आधी विचारलं, "बाबा, त्या टॉवरमध्ये लोक राहायचे का हो?"

"राहायचे म्हणजे? लिफ्टमध्ये एक बाई कांद्याची पिशवी घेऊन उभी होती. मी तुमच्या आईला पत्रात लिहिलं होतं, इथे ढगात बिऱ्हाडं आहेत म्हणून."

मग सांगितलं. फुल्या, तलाव, सगळं. बाबांनी चष्मा काढला, फोटो डोळ्यांजवळ नेला, उलटा करून स्वतःचं अक्षर वाचलं, परत सुलटा केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, उगाच सांगितलं. मग म्हणाले, "फोटो काढणारा पंजाबी होता. मी त्याला विचारलं ही कोणती, तो म्हणाला सीअर्स. तोही माझ्यासारखाच, सहा आठवड्यांचा."

"मग खाली काय लिहू?"

"मागचं खोडू नकोस. खाली तुला खरं वाटेल ते लिही." आणि जरा थांबून, "म्हणजे सीअर्सवर मी चढलोच नाही?"

"नाही."

"तू चढलास?"

"हो."

"कशी आहे?"

मी काचेच्या पेटीचं सांगितलं. पाय लटपटले तेही सांगितलं. बहीण दारात उभी होती, ते माझ्या लक्षात नव्हतं.

मुलीने आता ओळ बदललीय. बाबांच्या फोटोखाली: "८७५, नॉर्थ मिशिगन ॲव्हेन्यू. तेव्हा जॉन हॅनकॉक सेंटर. आजोबांचा सीअर्स टॉवर." माझ्या फोटोखाली काय लिहायचं यावर दोघींची पुन्हा जुंपली आहे. जाईताई, तुमचं मत आत्यालाच जाणार हे माहीत आहे. तरी विचारतो.

बर्फातली जाई

मला कशाला विचारता? ज्याचे पाय लटपटले त्याने ठरवावं.